टँकमधली झाडं का सडतात? सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात त्यांना सावरायची रीत

माशांच्या टँकमधली झाडं पिवळी पडायला लागली की नवखा माणूस दुकान गाठतो आणि खताची एक बाटली घेऊन येतो. सोलापुरात हा उपाय बऱ्याचदा अंगाशी येतो. इथल्या घरगुती टँकमध्ये झाडं खंगतात ती मुख्यतः तीन कारणांनी: पाणी तापतं, पाण्यात क्षार जास्त असतात आणि दिवा गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहतो. खताचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून या लेखात खत बरंच खाली आलंय, आणि वाचतानाही ते तिथंच ठेवा.

डोळ्यांपुढे साधा टँक आहे: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण ५० लिटर. गप्पी, मोली, एखादी टेट्राची जोडी, वर एलईडी दिवा, कोपऱ्यात फिल्टर. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. बहुतेकांकडे हाच असतो.

आधी तीन दिवस नुसतं बघा

या तीन दिवसांत पाण्यात काहीही टाकायचं नाही. थर्मामीटर, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि पीएच-हार्डनेसच्या पट्ट्या (पाणी किती आम्लधर्मी-अल्कधर्मी आणि किती जड ते दाखवणाऱ्या) एवढं घ्या. पाण्याचं तापमान दुपारी चारला आणि पहाटे सहाला बघून लिहून ठेवा. दिवा किती तास चालतो ते अंदाजाने लिहू नका, घड्याळ लावून मोजा. "संध्याकाळीच लावतो" म्हणणाऱ्यांकडेही तो दहा-अकरा तास निघतो. टँकवर खिडकीतून ऊन येतं का तेही पाहा. मग पाणी कुठलं भरता ते लिहा: नळाचं, बोअरचं, टँकरचं की आरओचं.

रोज एकाच बाजूने मोबाइलवर एक फोटो काढा. पंधरा दिवसांनी झाड सुधारलं की बिघडलं हे आठवणीवर ठरवता येत नाही.

मासेही बघून घ्या. गोल्डफिश असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. तो मऊ पानांचं झाड खातो, बाकीचं उपटतो. त्याच्यासोबत अनुबियास आणि जावा फर्न सोडून काही टिकेल अशी आशा ठेवू नका. गोगलगायींवर मात्र आळ घेऊ नका. टँकमध्ये आपोआप येणाऱ्या छोट्या गोगलगायी बहुधा सडलेलं पानच खातात. त्या पानावर दिसल्या म्हणजे पान आधीच गेलेलं असतं.

झाड आणून महिना झाला का?

झाला नसेल तर बहुतेक वेळा तो आजार नसतोच. दुकानात येणारी बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पाण्यात बुडवली की हवेतली पानं निकामी होतात, काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात आणि झाड पाण्यासाठी वेगळी, पातळ पानं काढतं. अॅमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन, हायग्रोफिला या सगळ्यांचं असंच होतं. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली किंवा पाणी बदललं तरी सगळी पानं टाकून बसतं. विरघळलेली पानं कापून काढा आणि मुळं हलवू नका. मूळ घट्ट आणि पांढरट असेल तर तीन-चार आठवड्यांत नवा कोंब येतो. दर दोन दिवसांनी उपटून "मूळ धरलं का" बघणाऱ्यांचं क्रिप्टोकोरिन कधीच मूळ धरत नाही.

दुसरी शक्यता, ते झाड पाण्यातलं नसेलच. लकी बांबू, ड्रॅसिना, सिंगोनियम, जांभळ्या पानांची हेमिग्राफिस ही कुंडीतली झाडं सर्रास टँकसाठी विकली जातात. बुडवून ठेवली तर काही आठवडे तग धरतात आणि मग बुडापासून सडतात. यांवर उपचार नाही. बाहेर काढून कुंडीत लावा, छान वाढतील.

तिसरी, लावण्यातली चूक. अनुबियास आणि जावा फर्न यांचं खोड आडवं असतं आणि ते रेतीत पुरलं की कुजतं. खोडाला बोट लावून बघा. मऊ लागलं किंवा घाण वास आला तर तेवढा भाग धारदार पात्याने कापा आणि कडक राहिलेला तुकडा दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा. मुळं रेतीत गेली तरी हरकत नाही, खोड वर राहायला हवं.

बिघाड जुन्या पानात आहे की नव्या?

झाड जुनं आहे, लावलंय नीट, तरी बिघडतंय. आता पानं बघायची. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाड एका पानातून दुसऱ्या पानात हलवू शकतं. टंचाई झाली की ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची, जुनी पानं आधी बिघडतात. लोह, कॅल्शियम, मँगनीज, बोरॉन ही हलत नाहीत. त्यांची टंचाई शेंड्याकडच्या कोवळ्या पानात दिसते.

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची बाग असलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडलं हे इथला शेतकरी बांधावरून सांगतो. टँकमधल्या झाडाची खूण तीच.

जुनं पान सगळं एकसारखं पिवळं पडून गळत असेल तर नत्र कमी आहे. ज्या टँकमध्ये झाडं भरपूर आणि मासे मोजके, तिथं हे होतं. जुन्या पानावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून त्यांच्या कडा पिवळ्या-तपकिरी झाल्या असतील तर पालाश कमी. हायग्रोफिला आणि जावा फर्नमध्ये हे सगळ्यात आधी दिसतं. जुन्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट असेल तर मॅग्नेशियम. पण बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टँकमध्ये ही शंका शेवटी घ्या, कारण त्या पाण्यात ते सहसा भरपूर असतं. नवं पान फिकट पिवळं किंवा जवळजवळ पांढरं आलं तर लोह. नवी पानं वाकडी, लहान, मुडपलेली येत असतील तर कॅल्शियम. निव्वळ आरओच्या पाण्यावर चालणाऱ्या टँकमध्ये हे हमखास दिसतं. स्फुरदाची टंचाई मासे असलेल्या टँकमध्ये क्वचितच होते, कारण माशांच्या खाण्यातून ते येतच राहतं.

जुनी-नवी सगळीच पानं एकदम विरघळत असतील तर अन्नद्रव्याचा विचार सोडा. तिथं उष्णता असते किंवा पाण्यात काहीतरी घातक गेलेलं असतं: क्लोरीन, डासांचा स्प्रे, माशांच्या औषधातलं तांबं.

उन्हाळा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि बंद खोलीतल्या टँकचं पाणी ३२-३३ अंशांवर बसतं. बहुतेक जलवनस्पतींना २२ ते २८ अंश मानवतात. त्यापुढे झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो, तो भागवण्याइतकं अन्न ते तयार करू शकत नाही आणि साठा संपला की पानं सोडतं. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, त्यामुळे रात्री मासे वर येऊन तोंड मारायला लागतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. टँकचं झाकण काढा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा लावा. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. मुंबईकराला हा उपाय इतका लागू पडत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की आपल्याकडेही तो ढिला पडतो, पण तेव्हा गरजही कमी असते. उडी मारणारे मासे असतील तर वर जाळी टाका.

यात एक मेख आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. रोज दीड-दोन लिटर उडालं आणि तुम्ही तेवढं बोअरचं पाणी भरत राहिलात तर महिनाभरात टँकचा टीडीएस जवळपास दुप्पट झालेला असतो. म्हणून उडालेलं पाणी आरओच्या पिण्याच्या पाण्याने भरा. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरून ठेवलं असेल तर तेही चालतं, पहिला पाऊस सोडून.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते थेट टँकमध्ये घेऊ नका. पाणी बदलायचं तर पहाटे, आणि दिव्याचे तासही संध्याकाळवर ढकला. बर्फाची पिशवी सोडणं टाळा. एकदम पाच अंश उतरवून परत चढवलेलं पाणी माशांना आणि क्रिप्टोकोरिनला तापलेल्या पाण्याइतकंच जड जातं.

पाणी

शहरात अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. उजनी धरणाचं असो की हिप्परगा तलावाचं, ते आपण हौदात नाहीतर टाकीत साठवतोच. याचा एक फायदा म्हणजे दोन-तीन दिवस उघड्यावर साठलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो. ज्या दिवशी पाणी येतं त्याच दिवशी टँक भरायचा मोह आवरा. घाईच असेल तर माशांच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा. हौदात ब्लीचिंग पावडर टाकत असाल तर टँकसाठीचं पाणी त्याआधीच काढून ठेवा.

बोअरचं पाणी हा वेगळा विषय आहे. पट्टीवर पीएच ८ आणि हार्डनेस सगळ्यात गडद रंगावर गेली तर झाडांची निवडच बदलायला हवी. अशा पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही झाडं बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात, म्हणून जड पाण्यातही फोफावतात. त्यांच्या पानांवर पांढरा चुना साचलेला दिसला तर घाबरू नका, तो त्याच प्रक्रियेचा असतो. अनुबियास, जावा फर्न, हायग्रोफिला हीही निभावून नेतात. लाल रोटाला, कबोंबा यांना मऊ पाणी लागतं. व्हिडिओ बघून ती बोअरच्या पाण्यात लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या मागे लागून लोक आधी खत, मग लिक्विड कार्बन, मग नवा दिवा असं करत पैसे घालवतात.

तरी ती हवीच असतील तर आरओ आणि बोअर मिसळा. समजा बोअरचा टीडीएस ९०० आहे आणि आरओचा ६०. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर घेतलं तर २७० येतो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमही पुरेसं मिळतं. निव्वळ आरओ वापरू नका. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको. त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

टँकमधल्या दगडांनीही पाणी जड होतं. संगमरवराच्या पांढऱ्या चिप्स, शिंपले, नदीच्या वाळूतले चुनखडीचे खडे हळूहळू विरघळत राहतात. मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती वाळू टँकसाठी नाही.

आता खत

दिवा (सहा-सात तास), तापमान, पाणी जागेवर आलं, दोन आठवडे गेले आणि तरीही नव्या पानात किंवा जुन्या पानात खूण दिसतेच आहे, तेव्हा खताकडे या. बाटलीबंद खतं चालतात, पण महाग पडतात. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबामुळे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खतं मिळतात. पाकिटावरचे आकडे नीट वाचा, ते नत्र-स्फुरद-पालाश या क्रमाने असतात. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, ०-५२-३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ही तिन्ही टँकमध्ये चालतात.

१९-१९-१९, १२-६१-० आणि युरिया चालत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. त्यांत अमोनियाच्या किंवा युरियाच्या रूपातलं नत्र असतं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर तो सात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे आपल्या जड, गरम पाण्यात तेच खत कितीतरी पटींनी घातक. सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

नत्राची टंचाई असेल तर १३-०-४५ चे ८० ग्रॅम अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. यातले ५ मिली ५० लिटरच्या टँकमध्ये टाकले की नायट्रेट साधारण १० पीपीएमने (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅमने) वाढतं, सोबत थोडं पालाशही मिळतं. फक्त पालाश हवं असेल तर ०-०-५० चे ५० ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये. १० मिलीने पालाश सुमारे ९ पीपीएमने वाढतं. दोन्ही आठवड्यातून एकदाच, आणि पाणी बदलल्यावर. आधी निम्म्या मात्रेने सुरू करा. बाटलीवर नाव लिहा आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

लोहाचं गणित पीएचवर आहे. लोह विरघळलेलं राहावं म्हणून ते चिलेटच्या (लोह धरून ठेवणाऱ्या संयुगाच्या) रूपात देतात. सर्वांत सहज मिळतं ते ईडीटीए चिलेट, आणि ते पीएच ७ च्या पुढे लोह धरून ठेवत नाही. बोअरच्या पाण्यात ते टाकलं की लोह गाळ होऊन खाली बसतं, झाड तसंच पिवळं राहतं आणि आपण मात्रा वाढवत बसतो. डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत काम देतं. पीएच ८ च्या पाण्याला ईडीडीएचए लागतं. डाळिंबवाले चुनखडीच्या जमिनीत वापरतात तेच, ६ टक्के लोह असलेलं. त्याचे ४ ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये घालून आठवड्याला १० मिली टाका. पाण्याला गुलाबी-तांबूस छटा येईल, ती येणारच. स्फुरद आणि लोह एका बाटलीत कधीही मिसळू नका, गाळ बसतो. फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्याचं मिश्रण टँकमध्ये टाकणं टाळा. त्यात तांबं आणि झिंक असतं आणि तांब्याने कोळंबी व गोगलगायी मरतात.

स्वोर्ड आणि क्रिप्टोकोरिन मुळांतून खातात. त्यांच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांतून एकदा खताची गोळी पुरली की पाण्यात फारसं काही टाकावं लागत नाही.

शेवाळ

पानांवर शेवाळ चढलं म्हणजे झाड आधीच मागे पडलेलं असतं. नव्या टँकमधलं तपकिरी, बोटाने पुसलं जाणारं शेवाळ काही आठवड्यांत आपोआप जातं. पाणी हिरवंगार झालं तर खिडकीतलं ऊन अडवा. काच आणि पानांवर हिरवे कडक ठिपके पडले तर दिवा कमी करा. एकूणच दिवा सहा-सात तासांवर आणा, टायमर लावून. वीज गेली की साधा टायमर मागे पडतो, तो अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो.

अनुबियासच्या कडांना काळी दाढी फुटली असेल तर झाड बाहेर काढा, मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने त्या जागी लावा, तीन-चार मिनिटांनी धुऊन परत ठेवा. काही दिवसांत ती दाढी गुलाबी होऊन मरते. पान फारच भरलं असेल तर कापा. निळसर-हिरवी, वास मारणारी साय रेतीवर पसरली असेल तर ती नळीने ओढून काढा आणि तीन दिवस टँक चादरीने झाकून अंधारात ठेवा. एअर पंप मात्र चालू. सोलापुरात चादरीला तोटा नाही.

लिक्विड कार्बन म्हणून जे विकतात ते बहुतेक ग्लुटराल्डिहाइड असतं. शेवाळ मारतं, पण त्याने वॅलिस्नेरियाही विरघळतं. आपल्या पाण्यात जे झाड सर्वांत चांगलं येतं त्यालाच ते मारक, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सुधारलं की नाही, कसं ओळखायचं

बिघडलेलं पान परत हिरवं होत नाही. भोक पडलेलं पान भोकासकटच राहतं. म्हणून उपाय लागू पडला का हे बघायचं तर उपायानंतर आलेल्या पानाकडेच बघा. वॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला आठ-दहा दिवसांत उत्तर देतात. अनुबियासला एक पान काढायला दोन-तीन आठवडेही लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पंख्याने फरक पडला की लोहाने, हे कळणार नाही.

अर्ध्याहून जास्त खराब झालेली पानं बुडापासून कापा, पण एकाच दिवशी झाड उघडं पाडू नका. दर आठवड्याला तीन-चार. सडकी पानं टँकमध्ये राहिली की तीच अमोनिया सोडतात.

कापलेली, जास्तीची झाडं कंबर तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात सोडायची नाहीत. जलपर्णी एकदा पसरली की तळ्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. ती उन्हात पूर्ण वाळवा आणि कुंडीत टाका. पाणी बदलताना काढलेलं टँकचं पाणीही तुळशीला, मनी प्लांटला चालतं, फक्त बोअरचं फार क्षाराचं असेल तर रोज एकाच कुंडीत ओतू नका.